बाभळीच्या उंबऱ्यातला खिळा

धुळ्याला पारोळा रोडवर रतनलाल शेठची जुन्या लाकडाची वखार होती. जळगावकडचे मोडलेले जिने, चाळीसगावकडच्या तुळया, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडचे वासे, सगळं ट्रकमधून तिथं येऊन पडायचं. जुनं लाकूड म्हणजे मुरलेलं लाकूड, त्याला नाव ठेवायला जागा नाही. खोड एकच, अंगभर खिळे. तसंच ते आरा मशीनवर चढवलं की पट्टीचे दात जातात आणि आरेवाला मालकाच्या सात पिढ्यांची नावं घेतो. म्हणून वखारीत खिळे काढायला एक माणूस ठेवावा लागतो. रतनलाल शेठनं भिकाला ठेवलं होतं.

आता भिका खिळे काढायचा, असं कुणी त्याच्यासमोर म्हटलेलं त्याला खपत नसे. "काढणारे पुष्कळ पडलेत. मी निवडतो," असं तो म्हणायचा. निवडायचा म्हणजे हत्यार. एका लांबट लाकडी पेटीत त्याचा सगळा संसार असे. खेकड्याच्या नांगीसारख्या तोंडाचे दोन अंबूर, एक थोरला आणि एक धाकटा. टोकाला नखी असलेली पहार. दोन-तीन पटाश्या, गिरमिट, हातोडी, मागून खिळा ठोकून बाहेर ढकलायचे सुंबे. आणि सायकलच्या नळीला कानशीनं दात पाडून त्यानं स्वतः केलेलं एक अवजार, ज्याला त्यानं नावच दिलं नव्हतं. त्या पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागला की भिकाचं तोंड दिवसभर आंबट.

लाकूड समोर आलं की तो आधी उकिडवा बसून त्यावर नुसता तळवा फिरवायचा. मग एकेका खिळ्याला विचारायचा, "कोनी ठोका रे तुले? कसाले ठोका?" चिडून ठोकलेला खिळा तिरका असतो, घाईनं ठोकलेला वाकलेला, आणि बायकोनं कपडे वाळत घालायला ठोकलेला नेहमी नको तिथं असतो, असं त्याचं शास्त्र होतं. डोकं वर असलेल्याला पहार, पण पहारीखाली जुन्या चपलेचा तुकडा, लाकडाला वळ उठायला नको. डोकं आत बसलेलं असलं तर पटाशीनं कड मोकळी करून अंबूर. मुंडी उडालेल्याला ती दातवाली नळी. आणि गंजून लाकडाशी एकजीव झालेल्या खिळ्याला त्याचा एक नियम, जो त्यानं वखारीत येणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलाय. आधी आत, मग बाहेर. अशा खिळ्याला डोक्यावर एकच हलका ठोका द्यायचा. तो तिळभर आत जातो, टक्‌ असा आवाज येतो आणि गंजाची मिठी सुटते. मग ओढायचा. हा नियम त्यानं संसारातही लावून पाहिला होता. लिलाबाई रुसली की तो आधी म्हणायचा, तुझंच खरं, मी आहेच नालायक. राग तिळभर आत जायचा आणि मग बाहेर यायचा.

लिलाबाई त्याची बायको. तीही वखारीतच कामाला. रुळाचा एक तुकडा पुढ्यात घेऊन ती भिकानं काढलेले खिळे सरळ करत बसायची आणि लांबीप्रमाणे डब्यांत टाकायची. त्याच्या चोखंदळपणाची टर उडवायची तिची रोजची सवय होती.

"माले देखाले उनात तवय चहा पिता पिता हो म्हनी टाकं," ती म्हणायची. "नि एक खियासाठे अर्धी सकाय लावतस!"

"तू सरळ निंघनी. खिया वाकडा निंघतस," भिका म्हणायचा.

"मंग त्यासले सरळ कोन करस? मीच ना!"

ह्यावर भिका पुढच्या खिळ्याकडं वळायचा. एकदा रतनलाल शेठनं हौसेनं जळगावहून भलीमोठी नवी पहार आणली. "भिका, एक झटका, खिळा बाहेर!" म्हणाला. भिकानं ती दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला आणि वखारीच्या फाटकाला आडणा म्हणून लावून टाकली. शेठ रोज ती पाहायचा आणि रोज गप्प बसायचा. चांगल्या माणसाशी भांडण्यात फायदा नसतो हे व्यापाऱ्याला कळतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या फाटकातून एक हातगाडी आत आली. गाडीवर पोत्यात गुंडाळलेला लांब ओंडका आणि गाडीमागून, पदर कमरेला खोचून, गाडीवाल्याला शिव्या देत एक म्हातारी. भिका ताडकन उठला. ती त्याची थोरली बहीण, आक्काबाई. ती पिंपळनेरला असायची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला आणि ती मुलाला, यादवला, कडेवर घेऊन बापाच्या घरी परत आली ती कायमची. भिका धुळ्याला आला, घर तिच्याकडं राहिलं. आता यादव मास्तर झाला होता आणि जुनं मातीचं घर पाडून विटांचं बांधत होता.

"आक्का, काय आनं हाई?"

"उंबरा शे. घरना," ती म्हणाली आणि आधी पाणी मागितलं.

बाभळीचा अख्खा उंबरा म्हातारीनं पिंपळनेरहून एसटीच्या टपावर घालून आणला होता. कंडक्टर म्हणाला, "आजी, उंबरा नेता? मग अख्खं घरच का नाही आणलं?" तर ही म्हणाली, "घर पाडं, म्हनीसन तं उंबरा आना!" साक्रीला त्यानं तो खाली उतरवायची भाषा केली. तेव्हा ही उठून दारात उभी राहिली, मला आधी उतरव म्हणाली. धुळ्यापर्यंत ड्रायव्हर, कंडक्टर आणि सगळी गाडी उंबऱ्याच्या बाजूनं झाली होती, असं तिचंच म्हणणं.

भिकानं पोतं सोडलं. उंबरा पाहिला आणि हसू आलं. मधोमध पावलांनी झिजून झालेला खोलगट भाग. तिथं बसून त्यानं भाकरी खाल्ली होती, बापाची वाट पाहिली होती, पाटी धुतली होती. आणि डाव्या अंगाला तो खिळा. चार आण्याएवढं डोकं, चार पैलू ठोकून काढलेलं, लोहाराच्या हातचं. लहानपणी कितीदा तरी त्याला ठेच लागली होती. दाराच्या अडसराचा असेल, असं तो धरून चालला होता. जगातल्या प्रत्येक खिळ्याला कोण, कशाला असं विचारणाऱ्या माणसानं घरच्या उंबऱ्यातल्या खिळ्याला तेवढं कधी विचारलं नव्हतं.

"हाऊ खिया काढ," आक्का म्हणाली. "आख्खा. मोडाले नको. नि उंबरा बी चिराले नको. संध्याकायनी यष्टीवर माले परत जानं शे."

"इतलंच? त्यासाठे येवढी उनी?"

आक्कानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मग त्या खिळ्याची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती.

भिकाच्या वेळेस त्यांची आई, धुरपदा, बाळंतपणात गेली. हे भिकाला माहीत होतं. पाच घरचं दूध मागून वाढवला म्हणून त्याचं नाव भिका, हेही माहीत होतं. पण त्या दिवशी घरात आणखी काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा झाला एवढं धुरपदाला ऐकू गेलं. तिनं डोळे उघडले नाहीत. बाळंतीण बाई गेली म्हणजे ती हडळ होऊन पोरासाठी परत येते, असं त्या काळचे लोक मानायचे. तिला नेताना मागं वाटेवर राळ्याचे दाणे पेरले, ते वेचता वेचता तिची वाट चुकावी म्हणून. आणि कुणीतरी म्हणालं, उंबऱ्यात लोखंड ठोका. मोठी माणसं रडण्यात आणि तयारीत. आठ वर्षांच्या आक्काला लोहाराकडं पिटाळलं, एक मोठा खिया लई ये.

"माले वाटनं, तुनी झोईसाठे शे," आक्का म्हणाली. "नवा पोऱ्या शे, त्याले झोई टांगाले खिया पाहिजे. मी पयत गयू, पयत उनू. गरम व्हता, फडकामा धरी आना. नि मना डोयासमोर त्यासनी तो उंबरामा ठोका. ठोकनारा म्हने, झायं, आते तुनी माय येवाव नही."

लिलाबाईची हातोडी रुळावर थांबली होती.

"मी आना व्हता तो," आक्का म्हणाली. "ह्या मना हातमा."

पुढं छप्पन साली गावातल्या त्यांच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बापानं देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, अंगात येणं, उतारे, गंडेदोरे सगळं बंद झालं. खिळा कुणाच्या ध्यानात आला नाही. त्याच्यावरून माणसं जात-येत राहिली. आक्का आयुष्यभर तो उंबरा ओलांडत राहिली आणि दरवेळी पाय त्या अंगानं टाकायचं टाळत राहिली. आता नव्या घराला यादव शहाबादी दगडाचा उंबरा घालणार होता आणि हे बाभळीचं लाकूड पाणी तापवायच्या बंबात जाणार होतं. आक्कानं ते अडवलं. चौकट बसवायला गवंडी उद्या येणार होता.

भिका म्हणाला, "आक्का, आपन हाई मानतस नही ना?"

"मी बी नही मानत. भूतखेत काय नही ऱ्हास. पन तिनावर दार लायेल शे, ते तं खरं शे ना?"

भिका उठला आणि पेटी घेऊन आला.

उंबरा दोन ठोकळ्यांवर ठेवला. तळवा फिरवला. सागवान असतं तर गोष्ट वेगळी. सागवान समजूतदार लाकूड. बाभूळ हाडासारखी, त्यात लोखंडाशी तिचं जुनं वैर; गंज आणि बाभळीचा रस एक झाला की दोघं काळेठिक्कर पडतात आणि एकमेकांना सोडत नाहीत. भिकानं पहार हातात घेतली आणि ठेवून दिली. पहारीला टेकू लागतो, एवढ्या जोराला चपलेचा तुकडा घालूनही टेकूचा वळ उठणार. धाकटा अंबूर घेतला, तोही ठेवला. पटाशीनं डोक्याच्या भोवती केसाएवढी खोबण काढली, थोरल्या अंबुराचे ओठ तिच्यात बसवले, दांड्यांवर सगळा भार टाकला आणि हळू, अगदी हळू झुकला.

डोकं निघालं. नुसतं डोकं. गंजलेल्या लोखंडाचा पापुद्रा सुटून अंबुराच्या तोंडात आला आणि खिळा होता तिथंच राहिला, आता मुंडीवाचून.

"मोडना?" आक्कानं विचारलं.

"टोपी गयी. आंग शे अजून," भिका म्हणाला. आवाज हसरा ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण कपाळावर घाम आला होता. असा नवशिक्यासारखा हात त्याचा कित्येक वर्षांत चुकला नव्हता. घाई नडली, दुसरं काय. आक्काच्या तोंडाकडं पाहून त्यानं घाई केली होती.

रतनलाल शेठ एव्हाना गादीवरून उठून येऊन उभा होता. त्यानं प्रकार पाहिला आणि सरळ तोडगा सांगितला. "छिणी घाल, दोन फाळ्या कर. खिळा आपोआप हातात येईल." तोडगा बरोबरच होता. भिकालाही तो सुचला होता. लाकूड चिरलं की खिळा अख्खा मिळतो, त्यात काही कला नाही.

"नही," आक्का म्हणाली. "याच उंबरावर मायनी माप लवंडं. हाऊ उंबरा नवा घरले लावना शे. बिनखियाना."

लग्न होऊन आलेली धुरपदा, पायानं धान्याचं माप लवंडून त्या घरात शिरलेली, भिकाला एकदम दिसली. म्हणजे चेहरा दिसला नाही. तिचा फोटोच नव्हता. फक्त पाऊल दिसलं. शेठनं त्या दिवशीच्या ट्रकचं काम दुपारनंतर करा म्हणून हमालांना सांगितलं, चहा मागवला आणि खाटेवर बसून राहिला.

भिकानं दातवाली नळी काढली. मुंडी नसलेल्या खिळ्याभोवती ती फिरवायची आणि खिळा लाकडाच्या गोल गाभ्यासकट उचलायचा. चार फेऱ्यांत बाभळीनं नळीचेच दात पाडले. भिकानं नळी कानाशी नेऊन हलवली, उगीचच, आणि पेटीत टाकली. आता एकच गोष्ट उरली होती, जी त्यानं खरं तर सगळ्यात आधी करायला हवी होती. त्याचाच नियम. आधी आत, मग बाहेर. त्यानं एक जाडसर सुंबा निवडला, खिळ्याच्या बुंध्यावर उभा धरला आणि हातोडी उचलली.

"नको!"

आक्का जागेवरून कशी उठली कळलं नाही. तिचा पंजा सुंब्याच्या खाली, खिळ्यावर पालथा पडला होता. "अजून ठोकस का तिनावर? पुरं नही का झायं?"

भिकाची हातोडी वरच्या वर राहिली. तिळभर तर आत जाणार होता. लोखंडाला काय कळतं, आत आणि बाहेर? त्याला म्हणायचं होतं की आक्का, ही रीत आहे, ह्यानंच सुटतो. पण खाली आक्काचा तो हात होता. कातडी ढिली झालेला, नखं झिजलेली, लहानपणी त्याला भरवलेला हात. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आक्का नसती तरी त्याच्यानं तो ठोका घालवला नसता. जन्मभरात हजारो खिळे त्यानं आत ढकलून बाहेर काढले होते. हा एक त्याला आत ढकलता येणार नव्हता. आई नसल्याचं दुःख भिकाला पन्नाशीत, वखारीच्या भर उन्हात, पहिल्यांदा झालं. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि गमछ्यानं तोंड पुसायचं निमित्त केलं.

मग लिलाबाई उठली. तिनं चिमट्यात धरल्यासारखी ती सुटलेली टोपी उचलली, तळहातावर ठेवली, तोलून पाहिली. आयुष्यभर तिनं खिळ्यांच्या टोप्या पाहून डबे भरले होते.

"येवढी टोपी तं आंग येवढं," तिनं मधल्या बोटावर अंगठा टेकवून दाखवलं. मग उंबऱ्याची जाडी तशीच बोटानं मापली. "खाले बोटनं पेरभर लाकूड ऱ्हायनं. वरतून जमत नही तं खालतून देखा ना. येवढा डोकंवाला मानूस, एक बाजूकडथून देखत बठना."

दोघांनी मिळून उंबरा पालथा घातला. खालच्या अंगाला माती आणि शेणाचा थर होता. लिलाबाईनं ओल्या चिंधीनं तो पुसला, घासला, पुन्हा पुसला. बाभळीच्या तांबूस अंगावर मसुरीच्या डाळीएवढा एक काळा ठिपका वर आला. खिळ्याच्या टोकाचा गंज आतून लाकडाला काळं करत करत तिथवर पोचला होता.

भिका गुडघे टेकून त्या ठिपक्याकडं पाहत राहिला. मग बायकोकडं पाहिलं. "तुनं खरं शे," तो म्हणाला, आणि ह्या वेळी ते तिचा राग काढायला म्हटलेलं नव्हतं.

गिरमिट त्यानं इतक्या सावकाश फिरवलं की शेठचा चहा निवला. आधी तांबूस भुसा पडला, मग तपकिरी, मग काळा. मग गिरमिटाच्या टोकाला खर्र असं काहीतरी लागलं आणि तो थांबला. आता त्या भोकातून आत जाईल, खिळ्याच्या टोकावर बसेल आणि घसरणार नाही असं काहीतरी हवं होतं. त्यानं पेटीतले सुंबे एकेक करून भोकाशी धरून पाहिले. एक जाड, एक आखूड, एकाचं तोंड गोल. पेटी रिकामी झाली, तरी मनासारखं मिळेना. शेवटी तो लिलाबाईच्या डब्यांपाशी गेला. जिनिंगच्या शेडमधले लांब मोळे तिनं कालच सरळ करून ठेवले होते. त्यातला एक उचलला, पारखला, त्याचं टोक कानशीनं सपाट केलं आणि भोकात सोडला. मोळा आत गेला आणि नेमका बसला. काट्यानं काटा काढतात, हे त्याला आयुष्यभर पाठ होतं, आणि पेटीबाहेर पाहायला मात्र बायको लागली.

उंबरा त्यांनी कडेवर उभा केला. लिलाबाईनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. भिकानं मोळा धरला आणि हातोडी आक्कापुढं केली. त्या हातोडीला आजवर परक्याचा हात लागला नव्हता.

"तू आना व्हता," तो म्हणाला. "तूच काढ."

आक्कानं हातोडी घेतली. पहिला ठोका मोळ्याला लागलाच नाही, भिकाच्या अंगठ्याला लागला. भिकानं अंगठा झटकला आणि मोळा पुन्हा धरला. दुसरा लागला पण जीव नव्हता. मग म्हातारीनं पदर आवळला, ओठ मिटले, आणि कुणावर तरी फार वर्षांचा राग असावा तसा तिसरा घातला.

टक्‌.

भिकानं तो आवाज ओळखला. पलीकडच्या अंगाला खिळ्याचा बुंधा तिळभर वर आला होता. आक्का मारत राहिली, आता रडत होती आणि मारत होती, आणि खिळा आलेल्या वाटेनं परत निघाला होता. बोटाच्या पेराएवढा वर आल्यावर भिकानं तिचा हात धरला, धाकटा अंबूर घेतला आणि उरलेला अगदी हलक्या हातानं ओढून घेतला. काळा, चौकोनी, मधल्या बोटाएवढा लांब. त्यानं तो उंबऱ्यावर ठेवला आणि वर त्याची सुटलेली टोपी लावून दाखवली.

"देख आक्का. आख्खा शे."

सवयीनं लिलाबाईचा हात खिळा डब्यात टाकायला पुढं झाला आणि तसाच मागं आला. आक्कानं तो पदराच्या गाठीला बांधला, टोपीसकट. "देव नदीमा सोडात तवय हाऊ राही गया व्हता," ती म्हणाली. "आते हाऊ बी जाई." मग तिनं शेठनं मागवलेला चहा घेतला आणि बशी शेठपुढं करून म्हणाली, "भाऊ, तुम्ही बी ल्या." शेठनं निवलेला चहा मुकाट्यानं पिऊन टाकला.

एवढं झाल्यावर भिका पुन्हा कामाला लागला. वखारीतून भोक पडलेलं लाकूड त्यानं कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. खिळा काढला की त्या जागी लाकडाची खुंटी मारायची, सरस आणि भुसा भरायचा, वरून कानस फिरवायची. ह्यातही त्याचा चोखंदळपणा होताच. बाभळीला बाभळीचीच खुंटी. त्यानं तुकडा शोधला, तासला आणि भोकावर धरला.

"हाई काय करस?" आक्कानं विचारलं.

"भोक बुजस."

"राहू दे."

"आक्का, पानी मुरी. मुंग्या व्हतीन."

"व्हवू दे. राहू दे भिका." आक्कानं भोकावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. "तेवढी वाट तरी राहू दे तिले."

भिकाच्या हातात खुंटी तशीच राहिली. नंतर त्यानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

ऊन कलल्यावर हातगाडी आली. उंबरा पुन्हा पोत्यात गुंडाळला, गाडीवर चढवला, आक्कानं गाडीवाल्याशी नव्यानं भांडण सुरू केलं. भिका फाटकापर्यंत गेला, तिथून परत आला आणि लिलाबाईपुढं उभा राहिला.

"मना धुयेल सदरा कोठे शे?"

"कसाले?"

"मी बी जास आक्कासंगे. उद्या चौकट बसनार शे."

"चौकट यादव बसाडी. गवंडी शे. तुमनं काय काम तठे?"

भिका हातातल्या हातोडीकडं पाहत होता. ती त्यानं पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं.

"उद्या दार उघडं व्हनार शे," तो म्हणाला. "मी घरमा पाहिजे. माले तिनी देखेलच नही."

हात पुसत लिलाबाई उठली आणि घरी जाऊन त्याचा पांढरा सदरा घेऊन आली.